रुमाल टाकून धरलेली जागा

मुलांनो, गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी लागोपाठ दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती जांभया देतच. विचारलं, तर म्हणाली, "बाई, आजीला पोचवायला मुंबईला गेलो होतो. आजी जर्मनीला गेली. आत्याला बाळ होणार आहे ना!"

मग काय, गणिताचा तास बाजूला राहिला. आजीचं वय अडुसष्ट. गुडघे दुखतात. विमानात पहिल्यांदाच बसणार, तेही एकटी. सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पाळण्यावर टांगायची चिमणाळी. सकाळच्या जनशताब्दीने सगळे निघाले. दुपारच्या गाडीला उशीर झाला तर विमानच चुकायचं, म्हणून सकाळची. संध्याकाळपासून विमानतळाबाहेर बसले. नऊ वाजता आजी एकटी आत गेली आणि विमान सुटलं रात्री एक वाजता. बाबा, आई आणि ही बाहेर कठड्यावर बसून आकाशाकडे बघत होते. त्यातलं आजीचं विमान कोणतं, ते काही कळलं नाही.

हे सांगून झाल्यावर तिने मला दोन प्रश्न विचारले. "बाई, परदेशाची विमानं रात्रीच का सुटतात? आणि आपलं चिकलठाण्याचं विमानतळ तर दिवसभर रिकामं असतं. आजीला तिथूनच का नाही जाता आलं?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला आम्हाला पाठाचं टाचण कसं काढायचं ते शिकवलं, पण विमानं रात्री का सुटतात ते काही शिकवलं नाही. "सोमवारी सांगते," म्हणाले आणि शनिवार-रविवार वाचत बसले. वाचलं ते इतकं मजेचं निघालं, की म्हटलं तुम्हा सगळ्यांनाच सांगावं. पालकांनीही वाचायला हरकत नाही. तिकिटाचे पैसे तेच भरतात!

आधी आपण आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊ. तिथे फलाट मोजके आणि गाड्या शेकडो. म्हणून कोणती गाडी किती वाजता कोणत्या फलाटाला लागायची, हे वेळापत्रकात ठरलेलं असतं. वाहतूक नियंत्रक भोंग्यावरून ओरडून सांगत असतात. एखादी गाडी वेळेवर आली नाही, तर तिच्या जागी दुसरी उभी राहते आणि मग आपली सगळ्यांची पळापळ. ही झाली वेळेची जागा. विमानतळावर हिलाच स्लॉट म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. जालन्याला किंवा पैठणला जाणारी एस.टी. आपली आपण सोडता येते. पण सुरत, इंदूर, हैदराबाद म्हटलं की गाडी दुसऱ्या राज्यात शिरणार. त्यासाठी दोन राज्यांमध्ये करार असावा लागतो. तुमच्या इतक्या गाड्या आमच्याकडे, आमच्या इतक्या गाड्या तुमच्याकडे, रोज इतके किलोमीटर. आपल्याकडे गाडी आहे, चालक आहे, डिझेल आहे, प्रवासी रांगेत उभे आहेत, तरी करारात बसत नसेल तर गाडी सीमेपलीकडे जात नाही. हा झाला मार्गाचा हक्क.

विमानाचंही अगदी असंच आहे. हक्क हवा आणि स्लॉट हवा. त्यातही एकाच विमानतळावर स्लॉट मिळून भागत नाही. जिथून उडायचं तिथेही हवा आणि जिथे उतरायचं तिथेही हवा, आणि दोन्ही वेळा एकमेकींना जुळायला हव्यात.

एक गंमत सांगू? आपल्या एस.टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली ती १ जून १९४८ रोजी. आणि एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघालं ते ८ जून १९४८ रोजी. मधे फक्त एक आठवडा! विमानाचं नाव होतं 'मलबार प्रिन्सेस'. आत ३५ प्रवासी होते आणि विमान कैरो, जिनिव्हा असं थांबत थांबत लंडनला गेलं. म्हणजे एस.टी. थांबे घेते तसंच. नकाशाची वही काढा आणि ही चार गावं रेघेने जोडून पहा. रेघ किती देशांवरून जाते ते मोजा.

मोजलीत? आता सांगा, त्या देशांच्या वरचं आकाश कुणाचं?

आपल्याला वाटतं आकाश सगळ्यांचं. पक्ष्यांसाठी ते खरंही आहे. पण माणसांनी त्याचे भाग पाडलेले आहेत. डिसेंबर १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध अजून चालू होतं तेव्हा, अमेरिकेतल्या शिकागो शहरात कितीतरी देशांचे प्रतिनिधी जमले होते. त्यांतल्या ५२ देशांनी एक करार केला. त्याचं पहिलंच कलम असं, की प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाच्या पूर्ण मालकीचं. शेताच्या बांधावरून सरळ वर आकाशात भिंत चढवावी तसं! दुसऱ्याच्या शेतातून जायचं तर विचारून जायचं. हा करार आजही जगभर पाळतात.

मग विचारायचं काय काय? एक म्हणजे, तुमच्या डोक्यावरून नुसतं जाऊ का? दुसरं, तेल भरायला उतरू का? तिसरं, आमच्या देशातले प्रवासी तुमच्याकडे आणून सोडू का? चौथं, तुमच्याकडचे प्रवासी आमच्याकडे नेऊ का? यांना विमानवाहतुकीची स्वातंत्र्यं म्हणतात. आणखीही आहेत. पाचव्यात गंमत आहे. १९६० साली एअर इंडिया लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. मुंबईचे काही प्रवासी लंडनला उतरत. रिकाम्या खुर्च्यांवर लंडनचे नवे प्रवासी घेऊन न्यूयॉर्कला न्यायचे, तर ते दोन्ही परके देश. त्यामुळे ब्रिटन आणि अमेरिका दोघांनीही हो म्हणावं लागतं. कोण सहजासहजी हो म्हणेल? त्यांची स्वतःची विमानं त्याच मार्गावर धावत असतात ना!

नुसतं डोक्यावरून जाणं तरी सोपं असेल असं वाटतं. तेही दर वेळी नसतं. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. लगेच काही दिवसांत भारतानेही त्यांच्या विमानांना बंद केलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना खाली अरबी समुद्राकडे वळसा घ्यावा लागला. वळसा म्हणजे जास्त वेळ, जास्त तेल आणि एवढं करून विमान त्याच गावाला पोचणार.

तर असे करार दोन-दोन देशांत वेगवेगळे होतात आणि त्यांत अगदी खुर्च्यासुद्धा मोजलेल्या असतात. दुबईचंच पहा. आपल्या शहरातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखाती देशांत कामाला आहे. आमच्याच वर्गात चार मुलांचे वडील किंवा काका तिकडे आहेत. भारत आणि दुबई यांच्या करारात दर आठवड्याला दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे ६६ हजार खुर्च्या ठरल्या. सातने भागा, रोजच्या साधारण ९,४०० होतात. एका विमानात १८० खुर्च्या धरल्या, तर रोजची बावन्न विमानं. ऐकायला भरपूर वाटतं. पण भारत केवढा! हा वाटा दोन्हीकडच्या कंपन्यांनी जवळजवळ पुरा वापरून टाकला. म्हणजे उद्या एखाद्या भारतीय कंपनीला वाटलं, संभाजीनगरहून दुबईला विमान सोडावं, तर दुसऱ्या कुठल्यातरी गावाच्या खुर्च्या काढून इकडे द्याव्या लागतील. कोण देईल?

तुम्ही म्हणाल, मग सरकारने आकडा वाढवावा! दुबईचं म्हणणं तेच आहे. पण आपल्या बाजूची काळजी वेगळी. दुबईला जाणारे सगळे काही दुबईला उतरत नाहीत. बरेचजण तिथे विमान बदलून लंडन, न्यूयॉर्क गाठतात. खुर्च्या वाढवल्या तर आपले लांबचे प्रवासी सगळे तिकडूनच जातील आणि आपल्या कंपन्यांची मुंबई-दिल्लीहून सुटणारी लांब पल्ल्याची विमानं रिकामी राहतील, अशी ही काळजी. शाळेजवळच्या दुकानदाराला वाटतं ना, की मोठा बाजार जवळ आला तर आपल्याकडे कोण येणार? तसंच. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण या भांडणात आजीला कुणी विचारत नाही, हेही खरं. तिला तिकीट स्वस्त हवं आणि विमान घराजवळून हवं.

आता रात्री एकच्या विमानाकडे येऊ. मी वर्गात फळ्यावर गणितच मांडलं. मुंबई ते फ्रँकफर्ट विमानाला धरू नऊ तास. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं. (हिवाळ्यात साडेचार. ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात!) रात्री एकला निघालेलं विमान आपल्या सकाळी दहाला पोचतं. म्हणजे तिथले साडेसहा वाजलेले असतात. छान पहाट झालेली. तिथून पुढे अमेरिकेला किंवा युरोपातल्या लहान गावांना जाणारी विमानं सकाळीच सुटतात, ती मिळतात.

समजा विमान संध्याकाळी सहाला सोडलं. नऊ तासांनी आपल्याकडे पहाटेचे तीन, तिकडे रात्रीचे साडेअकरा. आणि फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरवायला आणि उडवायला बंदी आहे! का? तर विमानतळाभोवतीच्या लोकांना झोप मिळावी म्हणून. लंडनच्या हीथ्रोलाही रात्रीच्या विमानांवर कडक मर्यादा आहे. त्यांची झोप मोडू नये, म्हणून आमच्या आजीची मोडते. हे मी वर्गात म्हणाले तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, मग आपल्याकडे पण रात्री बंदी करा की!" विचार करण्यासारखं आहे. पण मग तिकडे सकाळी कोण पोचणार?

दुपारी बाराला सोडलं तर? तर तिकडे संध्याकाळी साडेपाचला पोचेल. चालेल की. अशीही काही विमानं असतात. पण ज्यांना पुढचं विमान गाठायचं आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांची रात्र तिथेच बाकावर जाणार. शिवाय दुपारी बाराला मुंबईत स्लॉट तरी मिळाला पाहिजे.

मुंबईची अडचण समजावी म्हणून मी मुलांना मैदानावर नेलं. फक्कीने दोन लांब रेघा मारल्या, फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या अशाच आहेत. मग दोन रांगा केल्या आणि सांगितलं, दोन्ही रेघांवरून पळा. पहिल्याच फेरीत दोघांची टक्कर झाली, एकाचा गुडघा खरचटला. (हळद लावली. घरी पालकांना कळवलं.) मग मुलांनीच ठरवलं, एका वेळी एकाच रेघेवरून पळायचं. मुंबईतही तेच करतात. धावपट्ट्या दोन असून एका वेळी एकच वापरता येते. त्यात एका विमानामागे लगेच दुसरं सोडता येत नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की सायकल कशी डगमगते? मोठ्या विमानामागे हवेचे तसेच भोवरे उठतात. ते विरेपर्यंत थांबावं लागतं.

असं असूनही ११ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत चोवीस तासांत १,०३२ विमानं उडाली आणि उतरली. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करून पहा. दर चौऱ्याऐंशी सेकंदांना एक! यापुढे आणखी जागा कुठून काढणार? उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतली संख्या ४६ वरून ४४ वर आणायला सांगितलं गेलं. विमानं आकाशातच घिरट्या घालत राहत आणि तेल जाळत, म्हणून. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. त्याचं मोठं कारण हीच दाटी.

जागा कमी आणि मागणारे जास्त, असं झालं की काय होतं? तुम्हाला ठाऊक आहे. यात्रेच्या दिवसांत एस.टी. फलाटाला लागायच्या आत लोक काय करतात? खिडकीतून रुमाल टाकतात! रुमाल टाकला की जागा आपली. विमानकंपन्याही असेच रुमाल टाकून बसलेल्या असतात. जगात नियम असा, की ज्या कंपनीला एक स्लॉट मिळाला, तिने त्या हंगामात त्यातल्या निदान ८० टक्के दिवशी विमान चालवलं, तर पुढच्या वर्षी तोच स्लॉट तिचाच. ८० टक्क्यांच्या खाली गेली, तर काढून दुसऱ्याला. आहे की नाही हजेरीपटासारखं? हंगाम दोन. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी.

नियम चांगला वाटतो. पण २०२० मध्ये करोना आला आणि प्रवासी घरात बसले. तेव्हा युरोपात काही कंपन्यांनी जवळजवळ रिकामी विमानं उडवली. नुसती हजेरी लागावी म्हणून! मग त्या मार्चमध्ये हा नियम काही काळ बाजूला ठेवावा लागला.

लंडनच्या हीथ्रोवर तर रुमालाची जागा विकतही घेतात. तिथे वर्षाला ४ लाख ८० हजारांपेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं करायची नाहीत, अशी मर्यादा आहे. २०१६ मध्ये ओमान एअरने तिथली एक उतरायची आणि एक उडायची अशी एकच जोडी साडेसात कोटी डॉलरना घेतल्याचं प्रसिद्ध झालं. तेव्हाच्या दराने सुमारे पाचशे कोटी रुपये. विमान नव्हे हो, नुसती वेळ! आपल्याकडच्या जेट एअरवेजने २०१३ मध्ये हीथ्रोवरच्या आपल्या तीन जोड्या अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला सात कोटी डॉलरना विकल्या आणि पुन्हा त्यांच्याकडूनच भाड्याने घेऊन विमानं चालवली. घर विकून त्याच घरात भाडेकरू म्हणून राहावं, तसं झालं.

या जेटचा आपल्या गावाशी संबंध होता. १७ एप्रिल २०१९ रोजी ही कंपनी बंद पडली. तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला जाणारं तिचं विमानही गेलं. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ते सगळ्यात वाईट. आता गंमत नव्हे, पण पाहण्यासारखी गोष्ट अशी, की तिचे मुंबई-दिल्लीचे मोकळे झालेले स्लॉट आणि परदेशी मार्गांचे हक्क दुसऱ्या कंपन्यांना तात्पुरते वाटून देण्यात आले. रुमाल उचलला गेला आणि चटकन दुसरे बसले. आपल्यासारख्या लहान गावाच्या वाट्याला त्यातलं लगेच काही आलं नाही. मुंबईतली एक मौल्यवान जागा मिळाली, तर कंपनी तिथून छोटं विमान चिकलठाण्याला सोडील की मोठं विमान दूरच्या मोठ्या शहराला? तुम्हीच सांगा. पुढे दुसऱ्या कंपन्यांची विमानं आपल्याकडे आली, पण तोवर बरेच महिने चणचण होती.

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. चिकलठाण्याहून का नाही?

इथे मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. माझा समज होता, की आपल्याला परवानगीच नसेल. तर आहे! २००३ साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी आग्नेय आशियातल्या दहा देशांना सांगितलं, की आमच्या अठरा पर्यटनस्थळांना तुमच्या कंपन्यांनी हवी तितकी विमानं आणावीत, मोजणार नाही. थायलंड, सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम, म्यानमार वगैरे ते देश. आणि त्या अठरा गावांच्या यादीत कोण कोण? गोवा, जयपूर, वाराणसी, गया, खजुराहो, अमृतसर... आणि आपलं औरंगाबाद! अजिंठा-वेरूळमुळे. जपानच्या कर्जातून झालेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पात आपल्या विमानतळाचंही काम झालं.

म्हणजे मुंबईत प्रवासी आहेत, स्लॉट नाही. आपल्याकडे स्लॉट हवा तेवढा आणि बँकॉकसारख्या गावांसाठी हक्कही आहे. तरी नेमाने ये-जा करणारं परदेशी विमान आपल्याकडे नाही. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची खास विमानं इथून थेट जेद्दाला गेलेली आहेत. म्हणजे पासपोर्ट तपासणं, सामान तपासणं हे सगळं इथे होऊ शकतं.

कुणी म्हणतं धावपट्टी आखूड आहे. ती सुमारे २,८०० मीटर आहे, मुंबईची मोठी धावपट्टी साधारण ३,४०० मीटर. आपलं गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५८० मीटर उंच आणि उन्हाळा कडक. उंचावर आणि उन्हात हवा विरळ होते, विमानाला उडायला जास्त पळावं लागतं. त्यामुळे आजीच्या फ्रँकफर्टला जाणारं, तेलाने आणि माणसांनी भरलेलं अवजड विमान इथून उडवणं अवघड, हे मान्य. धावपट्टी वाढवायची तर शेजारच्या लोकांची जमीन घ्यावी लागते आणि तो प्रश्न बरीच वर्षं चालला आहे. ज्यांची घरं-शेतं जायची, त्यांचंही ऐकायला हवं. पण बँकॉकला लहान विमान पुरतं. त्याच यादीतल्या गयेची धावपट्टी आपल्यापेक्षाही आखूड आहे. तरी थंडीच्या दिवसांत तिथे बँकॉकहून, यांगूनहून विमानं येतात. बोधगयेला दर वर्षी ठरलेल्या दिवसांत हजारो यात्रेकरू जातात, म्हणून विमान भरतं. अजिंठ्याला येणारे मात्र बहुतेक मुंबईला उतरतात आणि मग इकडे येतात. इथे विमान नाही म्हणून ते मुंबईला उतरतात, की ते मुंबईला उतरतात म्हणून इथे विमान नाही? कोंबडी आधी की अंडं आधी, यासारखं झालंय हे.

केरळातल्या कन्नूरची गोष्ट याच्या उलटी. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये नवं विमानतळ सुरू झालं. तीन किलोमीटरची लांब धावपट्टी, आणि आखातात काम करणारे भरपूर प्रवासी. पण परदेशी कंपन्यांनी कोणत्या गावी उतरायचं, त्यांची नावं करारात लिहिलेली असतात. त्या यादीत कन्नूरचं नाव नव्हतं. तिथले लोक वर्षानुवर्षं ते मागत राहिले. त्यांना हवा तो हक्क आपल्याकडे पडून आणि आपल्याला हवे ते प्रवासी त्यांच्याकडे. मला वाटतं, आपल्या गावातल्या मोठ्या माणसांनी 'विमान द्या' असं नुसतं म्हणण्यापेक्षा, थंडीच्या तीन महिन्यांत विमानभर प्रवासी दर आठवड्याला कसे येतील, याचा हिशेब एखाद्या कंपनीपुढे मांडावा. एकदा एक हंगाम चाललं, की पुढचं सोपं.

सोमवारी मी हे सगळं वर्गात सांगितलं. मुलांना खुर्च्यांचा करार फार आवडला. मधल्या सुट्टीत दोन ओळींच्या मुलांनी तो करूनही टाकला. खिडकीजवळच्या ओळीने फळ्याजवळच्या ओळीत रोज दोनच जणांनी डबा खायला जायचं आणि उलट दोन यायचे. गुरुवारपर्यंत तो मोडला.

आजी सुखरूप पोचली. लाडवांचा डबा तपासणीत उघडायला लावला, पण नेऊ दिला. आत्याला मुलगी झाली. आजी डिसेंबरात परत येणार आहे. ते कळलं त्या दिवशी ती मुलगी वहीत काहीतरी आकडेमोड करत बसली होती. थोड्या वेळाने माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, तिकडून दुपारी एकला सुटतं. येताना आठ तास लागतात, बाबांनी बघितलं. म्हणजे तिकडचे रात्रीचे नऊ. हिवाळा आहे म्हणून साडेचार तास मिळवायचे." तिने वही माझ्यापुढे धरली. "मुंबईत रात्री दीड! बाई, मी त्या दिवशी पण शाळेत येणार नाही."